टोपरं आणि फुटाणे

प्रबंधक काळमेघ सर बोलायच्या आधी माईकवर टिचकी मारायचे, आणि ती टिचकी सगळ्या हॉलमध्ये घुमली की स्वतःच खूश व्हायचे. सोमवारी त्यांनी तीनदा टिचकी मारली. भैरवी गावंडेला तेव्हाच कळलं, आज काहीतरी वंगाळ आहे.

"मी कुणालाही काही विचारणार नाही," सर म्हणाले. "विचारलं की तुम्ही खोटं बोलता. बुधवारी 'सुजाण नागरिक'ची परीक्षा आहे. डोक्यावर टोपी, समोर पडदा. प्रश्नांच्या अधूनमधून शनिवारच्या त्या प्रकारातले चार फोटो येतील. ज्यांनी तो प्रकार केला त्यांच्याशिवाय इथल्या एकाही मुलीनं त्या वस्तू पाहिलेल्या नाहीत. तोंड गप्प बसेल. डोकं गप्प बसत नाही."

हॉलमध्ये तीनशे पोरी. 

"उद्या संध्याकाळपर्यंत येऊन कबूल करा, मी विचार करीन. परवा सापडलात तर क्रेडिट खातं गोठवणार."

शेजारी बसलेल्या नूपुर तायडेनं भैरवीचा हात पकडला. खातं गोठणं म्हणजे काय ते पहिल्या वर्षाच्या पोरीलाही माहीत होतं. देशातल्या प्रत्येक विद्यार्थ्याचं एकच क्रेडिट खातं. ते गोठलं की इथलं फाटक बंद, अकोल्याचं बंद, पुण्याचं बंद. बारावीच्या मार्कशीटवर पाणी सोडायचं आणि घरी जाऊन बसायचं.

भैरवीला भीती वाटायला हवी होती. तिला राग आला. तिला आधी नेहमी रागच यायचा, भीती मागून चालत यायची.

*

भाऊसाहेब टापरे महिला तंत्रमहाविद्यालय अकोटच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, कपाशीच्या शेतांच्या मधोमध. भैरवी तिथं एकाच गोष्टीसाठी आली होती. तिला कापूस वेचणारा हात करायचा होता. मोठी वेचणी यंत्रं झाडाला ओरबाडतात, पाला आणि बोंडं सगळं एकत्र ओढतात. तिला हवा होता माणसासारखा हात, तीन बोटांचा, फुटलेल्या बोंडातून फक्त कापूस उचलणारा. दोन बोटं जमली होती. तिसरं बोट अजून बोंड चिरडायचं.

वर्कशॉप उघडं असायचं अकरा ते एक. आणि अकरा ते एक याच वेळेत ऑफिसनं 'आनंदी जीवन' ठेवलं होतं. 'आनंदी जीवन', 'सुजाण नागरिक', 'वारसा आणि मी' असे सहा विषय. सर्वांगीण विकासाचे. सगळे अनिवार्य. यातला एकही राहिला तर कापूस वेचणारा हातच काय, चंद्रावर जाणारा हात केला तरी डिग्री नाही.

ती काळमेघ सरांकडे अर्ज घेऊन गेली होती. दुसऱ्या वेळेला बसते, म्हणाली. सरांनी अर्ज वाचलासुद्धा नाही.

"बाळ, आनंद अनिवार्य आहे," ते म्हणाले.

पूर्वीच्या पोरी अशा तासांना मागच्या बाकावर झोपायच्या. आता ती सोय उरली नव्हती, कारण टोपरं आलं होतं. कागदोपत्री त्याचं नाव 'बोधपट्टी'. पण हनुवटीखाली बंद बांधायचे, कानावरून पट्ट्या घ्यायच्या, वर मऊ कापड. तान्ह्या बाळाचं टोपरंच ते. त्यामुळं पोरींनी पहिल्याच दिवशी नाव बदललं.

टोपऱ्याची करामत साधी होती. डोक्यात विचार चालतात तेव्हा अगदी बारीक वीज वाहते. कपाळाला आणि कानशिलाला लावलेल्या टिकल्या ती वीज मोजतात. पेंगणाऱ्या डोक्यात संथ लाटा, लक्ष देणाऱ्या डोक्यात भराभर लाटा. तासाला टोपरं त्या भराभर लाटा मोजायचं आणि शंभरपैकी मार्क द्यायचं. पन्नासच्या खाली गेलं की तो तास धरायचा नाही.

भैरवीनं पंधरा दिवसांत एक गोष्ट हेरली. तिला 'आनंदी जीवन'मध्ये चाळीसच्या पुढं कधी मिळाले नव्हते, आणि एक दिवस एकदम अठ्ठ्याऐंशी. त्या दिवशी ती काय वेगळं करत होती? फुटाणे खात होती. बस्स. जबड्याचे स्नायू कानशिलापर्यंत जातात, चावताना त्यांच्यातूनही वीज निघते, आणि ती डोक्यातल्या विजेपेक्षा कितीतरी जोरदार असते. टोपऱ्याला वाटतं, काय लक्ष आहे पोरीचं.

दुसरी कुणी असती तर तिनं गुपचूप फुटाणे खाल्ले असते. भैरवीला तेवढ्यानं बरं वाटेना. हे सगळ्यांसमोर उघडं पडायला हवं होतं. शनिवारी विद्यापीठाची समिती टोपरं बघायला येणार होती. त्याच दिवशी सकाळी तिनं आणि नूपुरनं कुंपणापलीकडच्या शेवंताबाईची बकरी आणली, तिच्याच धुण्याच्या ढकलगाडीत चादरीखाली लपवून. हॉलच्या मागं आजारी पोरींसाठी एक वेगळी खोली होती. तिथं बकरीला नूपुरच्या जुन्या हिरव्या ओढणीनं बांधलं, समोर सुबाभळीचा पाला टांगला आणि टोपरं चढवलं. नावही द्यावं लागलं नाही. दर्शना म्हणून एक पोरगी जूनमध्येच कॉलेज सोडून गेली होती. अर्ज करून, फेऱ्या मारून ती थकली, तरी ऑफिसनं तिचं नाव काढलं नव्हतं. त्या नावानं बकरी बसली.

तास संपला. पडद्यावर नाव झळकलं. दर्शना, सत्त्याण्णव. समितीच्या बाई म्हणाल्या, या मुलीला भेटलंच पाहिजे. काळमेघ सरांनी मोठ्या कौतुकानं मागच्या खोलीचं दार उघडलं.

आत बकरी रवंथ करत होती.

दार लगेच बंद झालं. सर, शिपाई आणि समितीचे दोघं, एवढ्यांनीच पाहिलं. सरांनी चार फोटो काढले आणि शिपायानं बकरी, ओढणी, गाडी सगळं कुंपणाबाहेर घालवून दिलं. पोरींना सांगितलं, तांत्रिक बिघाड. पण समितीनं कॉलेजचं अनुदान रोखून धरलं, आणि काळमेघ सर गेले दोन दिवस जेवत नव्हते म्हणे.

*

"मी जाऊन सांगून टाकतो," नूपुर म्हणाली. "माफ करतीन ते."

"त्यानं कोनाले माफ केलं आजपरेंत?" भैरवी म्हणाली. "डोयाले पट्टी नको बांधू. इकडं पाह्य."

मंगळवारी 'आनंदी जीवन' बुडवून त्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात होत्या. दुरुस्तीला आलेलं एक टोपरं भैरवीनं नूपुरच्या डोक्यावर बांधलं होतं आणि त्याची तार जुन्या पडद्याला जोडली होती. पडद्यावर एक हिरवी रेघ सरकत होती.

परीक्षेत टोपरं वेगळं काम करायचं. तिथं लक्ष मोजत नाहीत, ओळख मोजतात. ओळखीची वस्तू दिसली की डोकं 'हे पाहिलंय' म्हणतं. म्हणजे तुम्ही म्हणायच्या आधीच म्हणतं, डोळा लवायच्या आत, आणि रेघेत एक उंचवटा येतो. तो थांबवणं कुणाच्या हातात नाही. शिंक एकवेळ दाबता येईल, हा उंचवटा नाही.

भैरवीनं फोनवर एकामागून एक फोटो दाखवले. कुठलातरी पूल. कुणाचीतरी सायकल. रेघ सपाट. मग हिरवी ओढणी. रेघ टुणकन उडाली.

"दुसरं काई मनात आन," भैरवी म्हणाली. "पाढे म्हन."

नूपुरनं सतराचा पाढा म्हटला. ओढणी आली, रेघ उडाली. नूपुर रडकुंडीला आली.

"फुटाणे खाल्ले तं?"

"परीक्षेत कॅमेरा राह्यते तोंडावर. आन चावलं की रेघ खराब होते, मंग एकटीले पुन्हा बसवतात. तिथंच सापडली समज."

"मंग काय करायचं वं? बोल ना. बकरीची अक्कल तुहीच होती."

भैरवीनं रागानं टोपरं स्वतःच्या डोक्यावर ओढलं. "दाखव मले. काहीबी दाखव."

नूपुरनं आपल्या फोनमधले फोटो सरकवायला सुरुवात केली. अनोळखी माणसं, अनोळखी घरं, रेघ सपाट. आणि मधेच उडाली.

"हे कसं काय?" नूपुर म्हणाली. "ही तं आमच्या गावची पाण्याची टाकी हाये. तू कुठी आली आमच्या गावाले?"

"नाई आलो. तूच दाखवला होता ना फोटो, मागं, उन्हायात."

भैरवी पडद्याकडं बघत राहिली. तिनं टाकी पाहिली नव्हती, चढली नव्हती, तिचं पाणी प्यायली नव्हती. नुसता एक फोटो, तोही एकदा. टोपऱ्याला त्यातला फरक कळला नाही.

"हे चोर नाई ओळखत," ती हळू म्हणाली. "कोनं पाह्यलं तेवढंच ओळखते. आपन दोघींनीच पाह्यलं म्हनून आपन चोर. सगळ्यायनं पाह्यलं तं?"

"तीनशे पोरीयले कुठी गोळा करशीन तू? संध्याकाळच्या आत?"

तेवढ्यात दारात केतकी राऊत उभी राहिली. केतकी वर्गप्रतिनिधी. हजेरीचं यंत्र तिच्या गळ्यात असायचं आणि ऑफिसच्या आत-बाहेर तिची सारखी ये-जा. पोरी तिच्यासमोर बोलणं तोडायच्या. ती कधीपासून उभी होती, कळायला मार्ग नव्हता.

"आज सहाला भुलाबाई हाये," केतकी म्हणाली. तिनं डोक्यावरच्या टोपऱ्याकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं. "'वारसा आणि मी'चे दोन क्रेडिट हायेत त्याले. सगळ्यायची हजेरी अनिवार्य. ऑफिसचा आदेश हाये."

ती गेली.

"आयकलं वाटते तिनं," नूपुर कुजबुजली.

पण भैरवी दुसऱ्याच शब्दावर अडकली होती. अनिवार्य. आयुष्यात पहिल्यांदा तिला तो शब्द गोड लागला.

*

भुलाबाई तशी पोरींची स्वतःची. गावोगाव मातीची भुलाबाई आणि भुलोजी मांडतात, वर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव करतात, रोज संध्याकाळी पोरी जमून गाणी म्हणतात. शेवटी खाऊ. पण खाऊ असाच मिळत नाही. डबा झाकलेला असतो, तो हलवून दाखवतात, आणि आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं.

कॉलेजनं त्याचा विषय करून टाकला होता. तरी म्हस्के मॅडम, हॉस्टेलच्या रेक्टर, वर्षभर कडक राहणाऱ्या, या दिवशी स्वतः मांडव बांधायच्या. पुरुषमाणसांना तिथं कामच नसायचं. काळमेघ सर हजेरीचा आकडा मागवून घ्यायचे, बाकी त्यांना भुलाबाईतलं काही माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावं असंही त्यांना वाटत नव्हतं.

सगळ्या मैदानात गोल धरून बसल्या होत्या, कंटाळलेल्या, फोनशिवाय. दोन गाणी झाली. मग मॅडम म्हणाल्या, "आता नवीन कोण म्हणतंय?"

भैरवी उठली. इतका वेळ मागं राहिलेली भीती आता येऊन पोचली होती. हे एकदा सुरू केलं की तीनशे जणी तिला ओळखणार होत्या, आणि त्यातली एक फुटली तरी पुरे होती.

तिनं शिट्टी मारली. हॉस्टेलच्या बाजूनं नूपुर आली, धुण्याची ढकलगाडी ढकलत. गाडीत बकरी उभी. तपकिरी, तोंड पांढरं, एका कानाचा तुकडा तुटलेला. गळ्यात हिरवी ओढणी. पुढं सुबाभळीचा पाला.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. भैरवीनं टाळी धरली आणि म्हणायला लागली.

"बकरी निंघाली कॉलेजाले, बाई कॉलेजाले,
हिरवी ओढनी गयाले, बाई गयाले.
धुन्याच्या गाडीत बसली, बाई बसली,
सुबाभयीचा पाला पाहून हासली, बाई हासली."

पहिल्यांदा एकटीच. दुसऱ्यांदा पुढच्या ओळीतल्या काही जणींचे डोळे मोठे झाले. एक पोरगी शेजारणीच्या कानाशी लागली. कुजबुज गोलाभोवती फिरली, वारा कपाशीतून फिरतो तशी. तिसऱ्यांदा टाळी वाढली. चौथ्यांदा सगळं मैदान म्हणत होतं, आणि नूपुर गाडी गोलाच्या आतून फिरवत होती, अगदी प्रत्येकीसमोर थांबून.

"कान पाहा वं कान," ती सांगत होती. "नीट पाहून घ्या."

केतकी मात्र म्हणत नव्हती. तिची टाळी थांबली होती. ती उठली, गळ्यातलं यंत्र सावरलं आणि सरळ फाटकाकडं चालायला लागली. फाटकाशेजारी ऑफिस. काळमेघ सरांच्या केबिनमध्ये दिवा दिसत होता.

भैरवीला वाटलं, धावून तिला धरावं. पण गोल तुटला असता. ती म्हणत राहिली, फाटकाकडं बघत.

ज्वारीच्या मांडवाखालची पणती दोनदा विझायला आली. केतकी परत आली तेव्हा एकटी नव्हती. तिच्यामागं दहा-बारा पोरी होत्या, विस्कटलेल्या केसांच्या, एकीच्या अंगावर पांघरूण. ताप आहे, पोट दुखतं म्हणून हॉस्टेलच्या खोल्यांमध्ये पडलेल्या.

"हजेरी अनिवार्य हाये," केतकी भैरवीकडं न बघता म्हणाली. "कोनी सुटलं नाई पाह्यजे." आणि त्यांना नेमकं बकरीसमोर बसवलं.

ऑफिसात जाऊन आली का सरळ खोल्यांमध्ये गेली, भैरवीला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

शेवटी भैरवीनं खाऊचा डबा हलवला. खळखळ आवाज झाला.

"शेंगदाणे." "रेवड्या." "मुरमुरे."

"फुटाणे," गोलातून केतकी म्हणाली.

"बरोबर. आता हे कुठी खायचे आन काहून, ते आयका." आणि तिनं जबड्याचं, कानशिलाचं, सत्त्याण्णव मार्कांचं सगळं सांगून टाकलं.

म्हस्के मॅडम मांडवाशी उभ्या होत्या. त्यांनीही मूठभर फुटाणे घेतले. आणि बकरीला स्वतःच्या हातानं पाला दिला.

*

बुधवारी सकाळी टोपरी चढली. काळमेघ सर काचेच्या खोलीत, त्यांच्यासमोर बैठकीचा नकाशा. एकेक खुर्ची म्हणजे एकेक ठिपका. ओळख पटली की ठिपका लाल. भैरवीला सरांचं तोंड दिसत होतं, आणि त्यांच्या चष्म्यात पडद्याचा उजेड.

नागरिकाची कर्तव्यं आली. राष्ट्रीय पक्षी आला. कचऱ्याचे दोन डबे आले. मग एकदम तपकिरी बकरी, पांढरं तोंड, तुटका कान.

भैरवीच्या डोक्यात टुणकन झालं असणार.

सरांच्या चष्म्यात लाल सांडलं. एक ठिपका नाही, दोन नाहीत. सगळी काच लाल. सर पुढं वाकले. त्यांनी यंत्राला चापट मारली. ओढणी आली, लाल. गाडी आली, लाल. पाला आला आणि सर काचेच्या खोलीतून बाहेर आले.

"टोप्या काढू नका," ते म्हणाले. आवाज चिरका झाला होता. "हे कुठं पाहिलंत तुम्ही? केतकी, उभी राहा. तू कुठं पाहिलंस?"

केतकी उभी राहिली. जूनमध्ये तिचे वडील गेले होते. त्यानंतर तिला 'आनंदी जीवन'मध्ये पस्तीसच्या वर कधी मिळालेच नाहीत, आणि विषय दुसऱ्यांदा घ्यावा लागला. सरांची कामं कर, पास करून टाकतो, असं सरांनी तिला सांगितलं होतं. हे सगळं भैरवीला त्या सकाळीच, टोपऱ्यांच्या रांगेत कळलं होतं, दुसऱ्या कुणाकडून. तेव्हापासून केतकीला चहाडखोर म्हणून मनात दिलेल्या शिव्या भैरवीला टोचत होत्या.

"भुलाबाईच्या गान्यात, सर," केतकी म्हणाली.

"गाणं कुणी म्हटलं?"

"सगळ्यायनं."

"आधी कुणी?"

"गोल असते, सर. गोलात आधी आन मंग नसते."

"तिसऱ्यांदा बसायचंय का तुला त्या विषयाला? विचार करून बोल."

भैरवीला आता राग आणि भीती एकदमच आले होते आणि ती अर्धी उठली होती. नूपुरनं तिची कुर्ती मागून धरली. केतकीनं वळून एकदाच पाहिलं, मान अगदी थोडी हलवली. खाली बस.

"मॅडम," सर म्हस्के मॅडमकडं वळले, "तुम्ही होता ना तिथं? ते गाणं रचलं कुणी?"

मॅडमनी चष्मा पुसला. "भुलाबाईच्या गाण्याला कवी नसतो, सर," त्या म्हणाल्या. "'वारसा आणि मी', पाठ दुसरा. आपणच मंजूर केलाय."

तीनशे टोपरी काळमेघ सरांकडं बघत होती. एकीला काढणं सोपं होतं. तीनशे जणींची खाती गोठवली तर प्रबंध करायला कॉलेजच उरणार नव्हतं. मग त्यांनी तेच केलं जे त्यांना येत होतं.

"सोमवारपासून सर्वांना नवीन विषय," ते म्हणाले. "'प्रामाणिकपणा'. दोन क्रेडिट. अनिवार्य. वेळ अकरा ते एक."

*

सोमवारी अकराला दिवे मालवले. पडद्यावर कुणीतरी संथ आवाजात सत्याचं महत्त्व सांगायला लागलं. टोपऱ्यांचे बंद बांधून झाले.

भैरवीच्या मांडीवर, ओढणीखाली, यंत्राच्या हाताचं तिसरं बोट होतं. सोबत कानस आणि छोटा पेचकस. अंधारात दिसत नव्हतं, पण तिच्या बोटाला कळत होतं कुठं धार राहिलीये. शेजारची खुर्ची सरकली. केतकी येऊन बसली. गळ्यात हजेरीचं यंत्र नव्हतं. तिनं पुढं हात केला.

भैरवीनं खिशातून मूठभर काढून तिच्या हातावर ठेवलं.

"सावकाश चाव," ती कुजबुजली. "शंभर नको आनू. शक येते."

आधी एका कोपऱ्यातून आवाज आला. मग मागच्या ओळीतून. मग सगळ्या हॉलमधून, बारीक, एकसारखा, सत्याच्या वरताण. कुडूम. कुडूम. कुडूम.

काचेच्या खोलीत काळमेघ सर आकडे बघत होते. केतकी राऊत, ब्याण्णव. भैरवी गावंडे, एक्क्याण्णव. असं लक्ष या कॉलेजनं कधी पाहिलं नव्हतं. सरांनी फोन उचलला आणि समितीला परत बोलावलं.

भैरवीनं कानस ठेवली. खिशातून कपाशीचं एक फुटलेलं बोंड काढलं आणि ते बोट त्याच्यावर हलकेच मिटवून पाहिलं. कापूस वर आला. बोंड तसंच राहिलं, अख्खं.